सिरिमावो बंदरनायके पंतप्रधान कशा झाल्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘जगातली पहिली महिला पंतप्रधान कोण?’ हा प्रश्न आपल्याकडच्या सामान्यज्ञानाच्या बहुतेक पुस्तकांत असतो. उत्तरही सगळ्यांना पाठ असतं: सिरिमावो बंदरनायके, श्रीलंका, 1960. स्पर्धा परीक्षेला तेवढं पुरतं. पण शाळा-कॉलेजांत दक्षिण आशियाच्या राजकारणावर बोलायला गेले की त्या एका ओळीमागचं बरंच काही मुलं विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. 1972 पर्यंत या देशाचं अधिकृत नाव सिलोन होतं. रेडिओ सिलोनमुळे आपल्या मागच्या पिढीच्या तोंडी ते नाव बसलेलं आहे. वाचताना गोंधळ नको म्हणून मी सगळीकडे श्रीलंका असंच लिहिलं आहे.

पहिल्या इंदिराबाई नव्हत्या का?

नाही. इंदिरा गांधी 24 जानेवारी 1966 ला पंतप्रधान झाल्या. सिरिमावोंचा शपथविधी 21 जुलै 1960 चा, म्हणजे साडेपाच वर्षं आधीचा. इस्रायलच्या गोल्डा मेयर 1969 मध्ये आल्या.

नाव नेमकं कसं लिहायचं? सिरिमावो, सिरिमाओ, की सिरिमा?

जन्मनाव सिरिमा रत्वत्ते. शेवटचा ‘वो’ आदरार्थी आहे, आपण ‘बाई’ किंवा ‘ताई’ जोडतो तसा. मराठी वर्तमानपत्रांत सिरिमाओ, बंदरनायके, बंडारनायके, अगदी भंडारनायकेसुद्धा छापलेलं सापडतं. इंग्रजी वर्तमानपत्रं आणि त्यांचे विरोधक सरळ ‘मिसेस बी’ म्हणत.

त्या कुठल्या घरातल्या?

रत्नपुर भागातल्या एका बड्या जमीनदार घरात 17 एप्रिल 1916 रोजी त्यांचा जन्म झाला. सहा भावंडांतल्या त्या थोरल्या. रत्वत्ते हे कॅंडीच्या राजाच्या काळापासूनचं सरदार घराणं. अशा घराण्यांना सिंहलीत ‘रदल’ म्हणतात, आणि ती राहतात त्या मोठ्या घराला ‘वलव्वा’. आपल्याकडचा वाडा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झालं. कॅंडीचं राज्य 1815 मध्ये इंग्रजांच्या हाती गेलं, त्या तहावर सह्या करणाऱ्या सरदारांत एक रत्वत्ते होते.

शिक्षण कोलंबोत, कॅथलिक जोगिणींच्या सेंट ब्रिजेट्स कॉन्व्हेंटमध्ये झालं. तरी त्या शेवटपर्यंत बौद्धच राहिल्या. इंग्रजी आणि सिंहली दोन्हींवर त्यांची सारखी पकड होती. त्या काळच्या कोलंबोच्या श्रीमंत वर्गात सिंहली ही नोकरांशी बोलायची भाषा समजली जाई, म्हणून मी हे मुद्दाम सांगते. पुढे त्यांना मतं मिळाली ती सिंहलीत बोलून.

पती वारेपर्यंत त्या फक्त गृहिणी होत्या, हे खरं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि त्यातला ‘फक्त’ हा शब्द मला दर वेळी खटकतो.

शाळा संपल्यावर त्या घरी परतल्या आणि आसपासच्या आडगावांत काम करू लागल्या: औषधं पोचवायची, दवाखाने भरवायचे, खेड्यातल्या बायकांना घरबसल्या चार पैसे मिळतील असे उद्योग सुरू करून द्यायचे. ही 1930 च्या दशकातली गोष्ट. 1934–35 मध्ये श्रीलंकेत मलेरियाची भयंकर साथ आली आणि हजारो माणसं दगावली. ते दिवस त्यांनी खेड्याच्या बाजूने पाहिले.

1940 मध्ये सॉलोमन बंदरनायके यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ते वयाने 17 वर्षांनी मोठे, ऑक्सफर्डला शिकलेले, आणि तेव्हाच मंत्री होते. त्यांचं घराणं सखल भागातलं, ख्रिस्ती वळणाचं. ते स्वतः पुढे बौद्ध झाले होते. दोन्ही घराणी तालेवार, त्यामुळे लग्नाचा गाजावाजा खूप झाला. सुनेत्रा, चंद्रिका आणि अनुरा ही त्यांची तीन मुलं.

लग्नानंतर लगेच, 1941 मध्ये, त्या लंका महिला समितीत दाखल झाल्या. कॅनडात जन्मलेल्या डॉ. मेरी रत्नम यांनी उभी केलेली ही संघटना गावोगावच्या बायकांत काम करत असे. आरोग्य, शिवणकाम, कुटुंबनियोजन, भाजीपाला आणि विशेष म्हणजे भातशेती. जपानी पद्धतीने रोपांची लावणी कशी करायची, उत्पन्न कसं वाढवायचं, हे शेतकरी बायकांपर्यंत नेण्यात त्यांनी लक्ष घातलं. समितीत त्या खजिनदार झाल्या, मग उपाध्यक्ष, पुढे अध्यक्ष. म्हणजे हिशेब, बैठका, भांडणं मिटवणं, पैसे उभे करणं, दौरे, असा सगळा सराव जवळजवळ वीस वर्षांचा. पुरुषाने हेच केलं असतं तर आपण त्याला ‘तळागाळातला कार्यकर्ता’ म्हटलं असतं.

घरातही त्या राजकारणाबाहेर नव्हत्या. 1951 मध्ये पतींनी युनायटेड नॅशनल पार्टी (यूएनपी) सोडून श्रीलंका फ्रीडम पार्टी काढली, त्या निर्णयात त्यांचा आग्रह होता. 1952 च्या निवडणुकीत पती देशभर फिरत होते आणि त्यांचा अट्टनगल्ल मतदारसंघ सिरिमावोंनी सांभाळला. तेव्हा पक्षाचे फक्त 9 जण निवडून आले. चारच वर्षांनी, 1956 मध्ये, त्यांच्या आघाडीने यूएनपीला पार झोपवलं आणि सॉलोमन बंदरनायके पंतप्रधान झाले.

1959 मध्ये काय घडलं?

25 सप्टेंबर 1959 ची सकाळ. कोलंबोतल्या रोझमीड प्लेसवरचं त्यांचं घर, ‘टिंटाजेल’. पंतप्रधान रोज सकाळी ओसरीवर लोकांना भेटत. त्या दिवशी भेटायला आलेल्यांत भगवी चीवरं घातलेला एक भिक्खू होता, तालदुवे सोमाराम. देशी वैद्यकाच्या महाविद्यालयात तो शिकवत असे. बौद्ध रीतीप्रमाणे पंतप्रधानांनी वाकून त्याला नमस्कार केला आणि त्याने चीवरातून पिस्तूल काढून गोळ्या झाडल्या. सिरिमावो घरातच होत्या. दुसऱ्या दिवशी बंदरनायके गेले.

कटाचा सूत्रधार निघाला मापिटिगम बुद्धरक्खित, केलणियाच्या प्रसिद्ध विहाराचा प्रमुख. 1956 च्या विजयासाठी याच माणसाने जिवाचं रान केलं होतं. सत्ता आल्यावर त्याला धंद्याच्या सवलती हव्या होत्या आणि त्या मिळाल्या नाहीत. सोमारामला 1962 मध्ये फाशी झाली.

मुलं तेव्हा 16, 14 आणि 10 वर्षांची होती.

मग त्या लगेच पंतप्रधान झाल्या?

नाही. मधले दहा महिने पाठ्यपुस्तकांत गाळले जातात, आणि खरी गोष्ट त्याच दहा महिन्यांत आहे.

हत्येनंतर मंत्रिमंडळातले विजयानंद दहनायके पंतप्रधान झाले. काही महिन्यांतच ते आणि पक्ष वेगळे झाले. सिरिमावोंना पतीच्या जागेवर उभं राहायला सांगण्यात आलं, पण आधी त्यांनी नकार दिला. मार्च 1960 मध्ये निवडणूक झाली तेव्हा पक्षाचं नेतृत्व सी. पी. डी सिल्वा यांच्याकडे होतं. सिरिमावो उमेदवार नव्हत्या, तरी प्रचाराला गेल्या. त्यांच्या सभांत पतींची ध्वनिमुद्रित भाषणं वाजवली जात. मेलेल्या नेत्याचा आवाज भोंग्यातून गावात घुमतोय आणि शेजारी पांढऱ्या साडीतली त्याची पत्नी उभी आहे, हे लोकांच्या मनावर किती खोल उमटलं असेल, याची कल्पना करा. विरोधकांनी ‘रडणारी विधवा’ म्हणून हिणवलं. माणसं मात्र येतच राहिली.

निकाल त्रिशंकू लागला: यूएनपी 50, फ्रीडम पार्टी 46, एकूण निवडून आलेल्या जागा 151. यूएनपीचे डडली सेनानायके यांनी अल्पमताचं सरकार बनवलं. ते एप्रिलमध्येच पडलं. पुन्हा निवडणूक जाहीर झाली.

आता पक्षाला कळून चुकलं होतं की गर्दी कोणासाठी येते. मे 1960 मध्ये पक्षाच्या कार्यकारिणीने एकमताने सिरिमावोंना अध्यक्ष केलं. डी सिल्वा मागे सरले. त्यांची तब्येत बरी नसे, हे एक कारण झालंच. दुसरं कारण जातीचं, असं अनेक अभ्यासक मानतात. ते सलागम जातीचे, आणि श्रीलंकेतलं वरचं नेतृत्व गोयिगम या बहुसंख्य शेतकरी जातीबाहेर सहसा जात नसे. सिरिमावो गोयिगम, त्यातही रदल. बाई असणं आड आलं नाही ते काही अंशी यामुळे. आपल्याला जात आणि सत्ता यांचं नातं समजावून सांगायची गरज नाही, म्हणून इथेच थांबते.

डाव्या पक्षांशी एकमेकांविरुद्ध उमेदवार न देण्याचा समझोता झाला. 20 जुलै 1960 ला मतदान झालं आणि फ्रीडम पार्टीला 75 जागा मिळाल्या, यूएनपीला 30. देशभरातली एकूण मतं मात्र यूएनपीचीच जास्त होती. समझोत्यामुळे फ्रीडम पार्टीने उमेदवारच कमी ठिकाणी दिले होते, आणि जिथे दिले तिथे विरोधी मतं फुटली नाहीत. या फरकामागे सहानुभूतीपेक्षा जागावाटपाचं गणित जास्त होतं.

त्या स्वतः निवडणूक न लढवता पंतप्रधान कशा झाल्या?

तेव्हा श्रीलंकेच्या संसदेला दोन सभागृहं होती. वरच्या सिनेटमध्ये 30 सदस्य, त्यातले 15 जण गव्हर्नर जनरलने नेमलेले असत. शपथविधीनंतर थोड्याच दिवसांत त्यांना सिनेटमध्ये नेमण्यात आलं. त्यामुळे खालच्या सभागृहात सरकारची बाजू सी. पी. डी सिल्वा आणि नात्यातले तरुण मंत्री फेलिक्स डायस बंदरनायके मांडत. संरक्षण आणि परराष्ट्र ही खाती त्यांनी स्वतःकडे ठेवली. 1965 मध्ये त्या अट्टनगल्लमधून थेट निवडून आल्या आणि नंतर बरीच वर्षं येत राहिल्या.

मग शेवटी ती सहानुभूतीची लाटच होती ना?

दार उघडलं ते सहानुभूतीने. तीन वेळा पंतप्रधान, दोन वेळा विरोधी पक्षनेत्या आणि चाळीस वर्षं पक्षाच्या प्रमुख, हे सहानुभूतीवर होत नाही. नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या जागी आलेली कितीतरी माणसं एका निवडणुकीत विरून जातात.

माझ्या मते त्यांचं बळ एकाच गोष्टीत होतं. सिंहली खेडं त्यांना आतून ठाऊक होतं. तिथला भिक्खू, वैद्य, शाळामास्तर, भात लावणारी बाई काय बोलते आणि कशाला घाबरते, हे त्यांना सल्लागाराला विचारावं लागत नसे. आणि त्यांची मर्यादाही तीच. त्या खेड्यापलीकडचं, म्हणजे उत्तरेकडच्या तमिळ जाफन्याचं किंवा चहामळ्यांतलं, त्यांना तितकं कधी दिसलं नाही. पुढच्या काही उत्तरांत हे पुन्हा येईल.

त्या काळी तिथे बायकांना मतदानाचा हक्क होता का?

होता, आणि आपल्या आधीपासून. इंग्रजांनी नेमलेल्या डोनमोर आयोगानंतर 1931 मध्ये श्रीलंकेत 21 वर्षांवरच्या सर्व स्त्री-पुरुषांना मत मिळालं. इंग्रजांच्या आशियातल्या वसाहतींत असं पहिल्यांदाच घडत होतं. त्याच वर्षी अॅडलिन मोलमुरे या कायदेमंडळात निवडून आल्या. बायकांच्या मताधिकारासाठी 1927 पासून एक संघटना काम करत होती आणि डॉ. मेरी रत्नम त्यात पुढे होत्या. नंतर महिला समिती उभी करणाऱ्या त्या याच.

पहिल्या कारकिर्दीत त्यांनी काय केलं?

थांबल्या नाहीत, एवढं नक्की. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या बहुतेक मिशनरी शाळा ताब्यात घेतल्या. कॅथलिक पालक शाळांत ठाण मांडून बसले, तरी माघार नाही. बॅंक ऑफ सिलोनचं राष्ट्रीयीकरण झालं आणि खेड्यांना कर्ज मिळावं म्हणून 1961 मध्ये पीपल्स बॅंक निघाली. विमा सरकारी झाला. पेट्रोलियम महामंडळ काढून शेल, एसो आणि कॅल्टेक्सची मालमत्ता घेतली. भरपाईचा वाद चिघळला आणि 1963 मध्ये अमेरिकेने मदत थांबवली.

जानेवारी 1962 मध्ये पोलीस आणि सैन्यातल्या काही वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सरकार उलथायचा कट केला. त्यातले बहुतेक ख्रिस्ती होते. कट ऐन वेळी फुटला आणि फसला.

पडल्या त्या एका मताने. डाव्या लंका सम समाज पक्षाला त्यांनी 1964 मध्ये सरकारात घेतलं आणि मोठ्या वृत्तपत्रसमूहावर सरकारी ताबा आणायचं ठरवलं. तेव्हा 1960 मध्ये मागे सरलेले तेच सी. पी. डी सिल्वा काही सदस्यांना घेऊन समोरच्या बाकांवर जाऊन बसले. 3 डिसेंबर 1964 ला सरकार हरलं: 73 विरुद्ध 74.

भारताशी त्यांचे संबंध कसे होते?

जवळचे होते, पण भारताच्या सावलीत राहायचं नाही हे त्यांनी पहिल्यापासून ठरवलेलं होतं.

1962 च्या चीन युद्धानंतर आपले यशवंतराव चव्हाण नोव्हेंबरात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबरमध्ये, सिरिमावोंनी कोलंबोत सहा अलिप्त देशांची परिषद बोलावली: श्रीलंका, ब्रह्मदेश, कंबोडिया, इंडोनेशिया, इजिप्त आणि घाना. परिषदेचे प्रस्ताव घेऊन त्या स्वतः पेकिंगला आणि दिल्लीला गेल्या. नेहरूंनी प्रस्ताव स्वीकारले. चीनने ‘तत्त्वतः’ म्हणत अटी घातल्या. चीनला आक्रमक ठरवायला त्या तयार नव्हत्या आणि भारतात अनेकांना ते लागलं. तरी सत्तेत येऊन अडीच वर्षंही न झालेली बाई दोन अजस्र शेजाऱ्यांमध्ये जाऊन उभी राहिली, हे मला मोठं वाटतं.

दुसरी गोष्ट चहामळ्यांतल्या तमिळांच्या कराराची. इंग्रजांनी दक्षिण भारतातून नेलेल्या या मजुरांच्या पिढ्या तिथेच जन्मल्या. पण 1948 च्या कायद्याने त्यांचं नागरिकत्व हिरावलं गेलं. 30 ऑक्टोबर 1964 च्या शास्त्री–सिरिमा करारात 9,75,000 माणसांची वाटणी झाली: 5,25,000 भारताने घ्यायची, 3,00,000 श्रीलंकेने ठेवायची, उरलेल्या 1,50,000 चं नंतर पाहायचं. 1974 मध्ये इंदिरा गांधींबरोबर तीही निम्मी निम्मी वाटली गेली. चहा खुडणाऱ्या त्या बायकांना कोणीही विचारलं नाही की तुम्हाला राहायचंय कुठे. दोन्ही देशांच्या खात्यावर हा डाग आहे.

कच्चतीवु बेट श्रीलंकेकडे गेलं तो सागरी सीमेचा करारही 1974 चाच. तमिळनाडूत तो विषय अजून तापतो.

तमिळ प्रश्न चिघळला त्यात त्यांचा दोष किती?

सगळा नाही, पण थोडाथोडकाही नाही.

‘फक्त सिंहली’ हा राजभाषेचा कायदा 1956 मध्ये पतींच्या सरकारने केला. 1 जानेवारी 1961 पासून त्याची पूर्ण अंमलबजावणी सिरिमावोंनी सुरू केली. तमिळ नेते चेल्वनायकम यांच्या फेडरल पार्टीने जाफन्यात सत्याग्रह मांडला. कचेऱ्यांच्या दारात लोक बसून राहिले, कामकाज बंद पडलं. उत्तर म्हणून आणीबाणी आणि सैन्य आलं. त्या सत्याग्रहाला बोलणीने उत्तर दिलं असतं तर पुढचं किती टळलं असतं, हा विचार मला सोडत नाही.

दुसऱ्या कारकिर्दीत विद्यापीठ प्रवेशाचं ‘प्रमाणीकरण’ आलं आणि तमिळ मुलांना त्याच जागेसाठी जास्त गुण लागू लागले. सिंहली खेड्यातल्या मुलांना संधी मिळावी ही त्यामागची इच्छा होती, आणि ती इच्छा खरी होती. पण एका शेतकऱ्याच्या मुलासाठी उघडलेलं दार दुसऱ्या मुलाच्या तोंडावर बंद झालं. 1972 च्या संविधानाने सिंहलीला राजभाषेचं स्थान आणि बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलं. त्या संविधानाचे मुख्य शिल्पकार कोल्विन डी सिल्वा यांनीच 1956 मध्ये बजावलं होतं की एक भाषा ठेवाल तर दोन राष्ट्रं होतील, दोन भाषा ठेवाल तर एक राष्ट्र राहील.

मे 1976 मध्ये तमिळ पक्षांनी वड्डुकोड्डई इथे वेगळ्या ईलमचा, म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्राचा, ठराव केला.

1970 मध्ये त्या परत कशा आल्या, आणि 1977 मध्ये इतक्या वाईट का हरल्या?

दोन्हींचं उत्तर तांदूळ.

यूएनपी सरकारने 1966 मध्ये तांदळाचा आठवड्याचा शिधा दोन मापांवरून एकावर आणला होता. सिरिमावोंनी दोन मापं परत द्यायचं वचन दिलं. चंद्रावरून आणावा लागला तरी तांदूळ आणेन, असं त्या म्हणाल्याचं आजही सांगतात. मे 1970 मध्ये डाव्यांबरोबरच्या त्यांच्या आघाडीला 151 पैकी 116 जागा मिळाल्या.

वर्षभरात, एप्रिल 1971 मध्ये, रोहन विजेवीरा यांच्या जनता विमुक्ती पेरमुने या डाव्या क्रांतिकारी संघटनेच्या तरुणांनी एका रात्रीत देशभरच्या पोलीस ठाण्यांवर हल्ले केले. शिकलेली, बेकार, सिंहली खेड्यातली मुलं होती ती. आपलं म्हणून ज्या खेड्यावर सिरिमावो उभ्या होत्या, तेच उलटलं होतं. भारताने हेलिकॉप्टरं आणि युद्धनौका पाठवल्या. बंड क्रूरपणे मोडलं गेलं, हजारो मुलं मारली गेली.

त्यानंतर त्या अधिकच डावीकडे वळल्या. 1972 मध्ये जमिनीची कमाल मर्यादा 50 एकर झाली, भातजमिनीची 25, आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या घराण्याची जमीनही गेली. 1975 मध्ये परदेशी कंपन्यांचे चहामळे सरकारजमा झाले. पण 1973 च्या तेलसंकटानंतर आयात महागली, पाव आणि कापडासाठी रांगा लागल्या, तांदूळ एका भागातून दुसऱ्या भागात न्यायलाही बंधनं आली. तांदूळ देईन म्हणणाऱ्या बाईच्या राज्यात गृहिणी पहाटे रांगेत उभ्या होत्या. नव्या संविधानाच्या आधाराने सरकारची मुदतही दोन वर्षांनी वाढवून घेतली गेली. रांगेतल्या माणसाला याचा संताप न येता तरच नवल.

ऑगस्ट 1976 मध्ये कोलंबोत अलिप्त देशांची शिखर परिषद भरली, अध्यक्षस्थानी सिरिमावो. जगात त्यांचा मान सर्वांत मोठा होता तो तेव्हा. जुलै 1977 मध्ये त्यांच्या पक्षाचे 168 पैकी फक्त 8 जण निवडून आले.

त्यांचे नागरी हक्क काढून घेतले होते म्हणजे काय?

1977 मध्ये जिंकलेल्या यूएनपीच्या जे. आर. जयवर्धने यांच्या सरकारने चौकशी आयोग नेमला आणि सत्तेच्या गैरवापराचा ठपका ठेवून 16 ऑक्टोबर 1980 ला संसदेत ठराव करून सात वर्षांसाठी त्यांचे नागरी हक्क काढले. खासदारकी गेली, निवडणूक लढवायची बंदी झाली. मुदतवाढ घेतली हा त्यांचा अपराध होताच. पण 1982 ची अध्यक्षीय निवडणूक सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याविना झाली, हा त्या ठरावाचा खरा उपयोग होता. जानेवारी 1986 मध्ये हक्क परत मिळाले. 1988 ला त्या अध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या आणि रणसिंघे प्रेमदासांकडून हरल्या. तरीही जवळपास 45 टक्के मतं त्यांची होती.

आई पंतप्रधान आणि मुलगी राष्ट्राध्यक्ष, हे खरं आहे का?

खरं आहे. नोव्हेंबर 1994 मध्ये चंद्रिका कुमारतुंगा राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि त्यांनी आईला पंतप्रधान नेमलं. पण 1978 च्या संविधानाने सगळी सत्ता राष्ट्राध्यक्षाकडे गेली होती, पंतप्रधानपद नावापुरतं उरलं होतं. चंद्रिकांनीही तोवर खूप सोसलं होतं. वडिलांच्या पाठोपाठ त्यांचे पती विजय कुमारतुंगा यांचीही 1988 मध्ये हत्या झाली होती.

दक्षिण आशियात मोठ्या पदावर गेलेल्या सगळ्याच बायका कोणाच्या तरी मुली किंवा पत्नी का?

बेनझीर, खालिदा झिया, शेख हसीना यांच्याही कहाण्यांत हत्या किंवा फाशी आहेच. पक्षांची निवडणूकयंत्रणा घराण्यांच्या हाती असते, आणि घराण्यातला पुरुष मारला गेला की पक्ष फुटू नये म्हणून त्याच्या नावाचं माणूस लागतं. त्या क्षणी बाईही चालते. एरवी तिला वाट पाहावी लागते.

श्रीलंकेचंच बघा. सिरिमावोंना शपथ घेऊन साठ वर्षं उलटली तरी तिथल्या संसदेत बायकांचं प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं नव्हतं. त्यांनी स्वतः पक्षात दुसऱ्या बायकांची फळी उभी केली नाही, आणि ज्या महिला समितीने त्यांना घडवलं तिथल्या कार्यकर्त्यांना उमेदवारीपर्यंत नेलं नाही. ही माझी त्यांच्याबद्दलची सर्वांत मोठी तक्रार आहे. सप्टेंबर 2024 मध्ये हरिणी अमरसूर्या पंतप्रधान झाल्या, सिरिमावो आणि 1994 मध्ये काही काळ पंतप्रधान राहिलेल्या चंद्रिका यांच्यानंतरच्या तिसऱ्या. त्या विद्यापीठात शिकवत होत्या, आणि कोणत्याही राजकीय घराण्यातल्या नाहीत.

त्यांचा शेवट कसा झाला?

तब्येत खालावल्याने ऑगस्ट 2000 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. 10 ऑक्टोबर 2000 ला संसदेची निवडणूक होती. 84 वर्षांच्या सिरिमावो आपल्या मतदारसंघात जाऊन मत देऊन आल्या. कोलंबोला परतताना कडवतजवळ हृदयविकाराचा झटका आला आणि त्या गेल्या. देशात तेव्हा मतदान चालूच होतं. होरागोल्ला इथे पतींच्या समाधीशेजारी त्यांना पुरलं आहे. कोलंबो–कॅंडी रस्त्याने जाणाऱ्याला ती जागा वाटेतच लागते.